डावीकडची रिकामी जागा

टिचकीमावशीचं खरं नाव आता शेजाऱ्यांनाही सांगता येत नाही. ती फळांच्या डब्यांच्या कारखान्यात होती. बंद झालेले डबे तपासायचं तिचं काम. झाकण बसवणाऱ्या मशीनमधून डबा सरकत्या पट्ट्यावर आला की त्यावर बारीक सळईने हलका टोला द्यायचा आणि ऐकायचं. झाकण नीट बसलं असेल तर डबा टण्ण बोलतो. कुठे फट राहिली असेल तर ढप्प. टण्ण पुढे जाऊ द्यायचा, ढप्प बाजूला काढायचा. सांगायला सोपं आहे. पण पट्टा कोणासाठी थांबत नाही. मन क्षणभर घराकडे किंवा स्वयंपाकाकडे गेलं की ढप्प डबा टण्णांच्या गर्दीतून निसटतो आणि कुठल्या तरी घरात कोणाचं पोट बिघडवतो. पहिल्या दिवशी तिला सळई मिळालीच नाही. रिकामं बसायचं कसं, म्हणून तिने नखाने टिचक्या मारून डबे तपासायला सुरुवात केली. मुकादमाने ते पाहिलं आणि नाव पडलं. पुढे सळई मिळाली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पट्ट्यापाशी तिघी एका रांगेत बसायच्या. मशीनला खेटून आक्का, मध्ये टिचकी, तिच्या उजवीकडे लांबी. लांबी खरंच लांब होती. स्टुलावर बसली तरी उभ्या माणसाशी डोळ्याला डोळा भिडवायची. मशीनचा दणका असा, की कानात घालायला कंपनीने मऊ बोळे दिले होते. तिघींनी ते पहिल्या दिवशी घातले आणि दुसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून दिले. कानात बोळे कोंबून डबा ऐकायचा कसा? डबा उजव्या हाताशी, उजव्या कानाने ऐकायचा. मशीन डाव्या अंगाला धडधडत असायचं, असायचं तर असू दे. बोलायचं झालं तर हातवारे होते, ओठ होते. कारखान्यात या तिघींच्या कानांचा दबदबा होता. मुकादमाला शंका आली की तो डबा घेऊन त्यांच्याकडेच यायचा.

निवृत्तीनंतर मावशीचं बरं चाललं होतं. छोटं घर, खिडकीशी टेबल, दुपारी दोघी मैत्रिणींपैकी कोणीतरी हमखास. एकच खुटखुट होती, ती मुलाची.

मुलगा छापखान्यात होता. पगार वेळेवर, कपडे शाईचे पण पोट भरलेलं. ते सोडून तो दुसऱ्या शहरात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या एका गटात गेला. आणि वाजवायचा काय, तर खुळखुळा. त्याच्याकडे त्याचे नाना प्रकार होते, लाकडी, भोपळ्याचे, पत्र्याच्या नळीत दाणे भरलेले. मावशीच्या लेखी सगळा खुळखुळाच.

"लहानपणी आणून दिला तो आपटून फोडलास," ती तेव्हा म्हणाली होती, "आणि आता त्याचाच पगार घेणार?"

पोरगा हसला होता. पण हसून झाल्यावर खाली बघत राहिला होता, ते तिच्या ध्यानात होतं.

एके दिवशी त्याचा फोन आला. त्यांच्या गटाचं पहिलं गाणं तयार झालं होतं, नीट स्टुडिओत जाऊन केलेलं.

"तुला पाठवलंय, आई. कान देऊन ऐक. आणि मग मला सांग, मी कसा वाजवलाय."

"गाणं कसं झालंय ते सांगते."

"गाण्याचं सगळे सांगतील. तू माझं सांग."

मावशीने गाणं लावलं. तिचा फोन जुना. एकदा मोरीत पडून निघालेला. आवाज मोठा केला की त्याचं आतलं काहीतरी थरथरायचं. गाणाऱ्या बाईचा आवाज येत होता, मागे काहीतरी खुळखुळत होतं. पण तो पोरगा खुळखुळत होता की फोन, हे देव जाणे.

असं ऐकून निकाल देणं म्हणजे घाणेरड्या चष्म्यातून सुईत दोरा ओवणं. तिने हेडफोन घ्यायचं ठरवलं.

दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. दुकानदार मध्यमवयाचा, बोलघेवडा. मावशीने मनाशी एक रक्कम धरली होती आणि ती तिने ओठांबाहेर पडू दिली नाही. दुकानदाराला आकडा सांगितला की सगळ्या चांगल्या वस्तू नेमक्या तेवढ्यालाच मिळायला लागतात.

त्याने आधी कानात खुपसायचे दाखवले. "लहान, हलके, पर्समध्ये राहतात."

"कानात मी काही घालत नाही. पुढचं दाखवा."

मग कानावर टेकणारे आले. मावशीने घातले. गाणं बरं वाजलं, पण चष्म्याची काडी कानामागे रुतायला लागली. तिने काढून ठेवले. "ऐकताना मला चष्मा लागत नाही, पण मांडीवर शिवण असतं. त्याला लागतो."

मग आला कान पूर्ण झाकणारा, तपकिरी, मऊ गादीचा. चष्म्याची काडी गादीखाली अलगद दबली, टोचली नाही. मावशीने मान डावीउजवीकडे वळवली. वाकून चपलेचा पट्टा लावल्यासारखं केलं. हेडफोन जागचा हलला नाही.

"एक स्टूल द्या."

"स्टूल?"

"बसून बघते."

दुकानदाराने स्टूल दिलं. मावशी हेडफोन घालून बसली. दोन गिऱ्हाइकं आली, घासाघीस करून गेली, तरी ती तशीच.

"मावशी, ऐकायचाय की घालून झोपायचंय?"

"चप्पल घेताना चार पावलं चालून बघतात ना? दुकानात घटकाभर बरी वाटलेली वस्तू घरी गेल्यावर चावते. ती इथेच चावू दे."

"चावला का मग?"

"नाही अजून." तिने तो काढला, कानाच्या पाळीला हात लावून बघितला. गरम झाली होती, पण दुखत नव्हती. "आवाज?"

"आवाजात तर हा दुप्पट किमतीच्यालाही ऐकत नाही. माझं गाणं लावतो, ऐका."

दुकानात रस्त्याचा गोंगाट, भिंतीवरच्या टीव्हीची बडबड. त्यातही त्याच्या गाण्यातली बाई स्वच्छ गात होती. मावशीच्या मनातल्या रकमेपेक्षा तो किंचित महाग निघाला. तिने हेडफोन खाली ठेवला, पर्सची चेन लावली आणि उठली. दाराशी पोचेपर्यंत तो तेवढ्याच किमतीचा झाला.

घरी येऊन तिने हात धुतले, खिडकी लावली, खुर्चीत ताठ बसली आणि पोराचं गाणं लावलं.

काय वाजलं म्हणून सांगावं! बाई तर अगदी समोर उभी. उजवीकडून व्हायोलिन असं की त्याच्या तारेवर घासणाऱ्या गजाच्या केसांचा आवाज यावा. पण डावीकडे? डावीकडे नुसतं लांबून ढुमढुम. आणि खुळखुळा कुठेच नाही. तिने पुन्हा ऐकलं. मग डाव्या गादीवर तळहात दाबून ऐकलं. नाही.

डावी बाजू कच्ची आहे, तिने ठरवलं. पण एकटीच्या म्हणण्यावर माल परत न्यायचा नाही, हा तिचा नेम. दुपारी आक्का आणि लांबी आल्या. मावशीने त्यांना काहीच सांगितलं नाही. आधी सांगितलं की माणूस तेच ऐकतो.

आक्काने घातला. डोळे मिटले. "उजवीकडे झकास. डावीकडे गेलेला आहे."

लांबीने घातला. "डावी बाजू मेलीये गं. घेताना बघितलं नाहीस?"

"खुळखुळा ऐकू आला का कुठे?"

"कसला खुळखुळा?"

तीन पक्के कान, एकच निकाल. मावशी दुसऱ्या दिवशी दुकानात हजर.

दुकानदाराने हेडफोन घालून बघितला. काढून पुन्हा घातला. "मावशी, दोन्ही बाजू ठणठणीत आहेत हो."

"विकणारा असंच म्हणणार."

"अहो, आईशप्पत!"

"आईला कशाला मध्ये घेता? आम्ही तिघींनी ऐकलंय. आयुष्यभर ऐकायचंच काम केलंय आम्ही."

दुकानदाराने हात जोडले आणि दुसऱ्या कंपनीचा काळा हेडफोन पुढे केला. कान झाकणाराच, त्याच भावाचा, पण पट्टी आवळ. डोकं चिमट्यात धरल्यासारखं होत होतं. मावशीने तो घेतला. चावला तर चावला, पोरगा तर ऐकू येईल.

घरी येऊन गाणं लावलं. बाई समोर. व्हायोलिन उजवीकडे. डावीकडे ढुमढुम.

दोन वेगळ्या कंपन्या, दोन्हींची डावी बाजूच कच्ची, असं होत नसतं. म्हणजे हेडफोनमध्ये खोट नव्हती, गाण्यातच होती. डावीकडची जागा रिकामी होती. तिथे कोणीतरी होतं आणि त्याला काढून टाकलं होतं. गाणं तयार करणाऱ्यांना खुळखुळा नको वाटला असणार. पोराला कोणी सांगितलंही नसेल. किंवा सांगितलं असेल आणि आईला तोंड कसं दाखवायचं म्हणून तो गप्प बसला असेल. आणि तोच म्हणाला होता, तू माझं सांग.

सकाळी त्याचा फोन आला.

"आई, ऐकलंस?"

"ऐकलं."

"मग?"

"छान आहे. बाईचा गळा गोड आहे. व्हायोलिनवाला मेहनतीचा दिसतो."

"आणि?"

आयुष्यात मावशीने फुटक्या डब्याला चांगलं म्हटलं नव्हतं, मग मुकादम समोर असो की साहेब. ऐकलंच नाही त्याला छान म्हणणं तिच्या जिभेला जमेना. आणि तुला गाळलंय रे, हे म्हणायला जीभ उचलेना.

"आणि काय? जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो. बरं आई. ठेवतो."

त्याने लगेच फोन ठेवला. एरवी ठेवायची वेळ आली की त्याला चार गोष्टी आठवायच्या.

त्यानंतरही मावशी रोज ते गाणं ऐकायची. बाद केलेला डबाही ती पुन्हा एकदा हातात घ्यायची, ती सवय. काळा हेडफोन डोकं आवळायचा, तरी ऐकायची.

एका सकाळी गाणं लावून ती टेबलाशी मटार सोलत बसली होती. फोन उजवीकडे, भिंतीजवळ चार्जिंगला. हेडफोनची वायर डाव्या बाजूने निघणारी. ती गळ्यावरून आडवी पलीकडे गेली होती आणि दर दोन शेंगांनी मनगटाला अडकत होती. मावशी वैतागली. तिने हेडफोन काढला, उलटा फिरवून घातला. आता वायर उजवीकडून सरळ खाली. हात मोकळे झाले. तिने पुढची शेंग उचलली.

आणि उजव्या कानात कोणीतरी वाळूवरून चालायला लागलं.

छिक्-छिका, छिक्-छिका. बारीक, कोरडा, नेटका आवाज. बाईच्या गळ्याखालून तो चालला होता, पुढे नाही, मागे नाही. मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. गाणं संपलं. तिने पुन्हा लावलं. पहिल्यापासून होता तो! मग तिच्या लक्षात आलं, व्हायोलिन कुठे गेलं? तिने हेडफोन सुलटा केला. व्हायोलिन आलं, पोरगा गेला. उलटा केला. पोरगा आला, व्हायोलिन गेलं.

हेडफोन चांगला होता. आधीचाही चांगला होता. गाण्याची डावी बाजू भरलेली होती. रिकामा होता तो तिचा डावा कान.

कोणी दुसरं असतं तर घाबरलं असतं. मावशी आधी हसली, मग तिला दुकानदाराचे जोडलेले हात आठवले आणि हसू ओसरलं.

दुपारी तिने दोघींना बसवून हेडफोन सुलटा, मग उलटा घालायला लावला. लांबीने तीनदा फिरवला. आक्काने एकदाच, आणि काढून मांडीवर ठेवला.

"म्हणजे आपल्या तिघींचा डावा कान..."

"मशीनला दिला," मावशी म्हणाली. "पगारात कापून घेतल्यासारखा, हळूहळू. आणि आपण फोन धरणार उजव्या कानाला, माणसाचं ऐकणार उजवा कान वळवून. कळायचं कसं?"

"तरीच माझा नातू म्हणतो, आजी नेहमी तिरकीच बघते," लांबी म्हणाली.

आक्काची ट्यूब एकदम पेटली. "थांब गं टिचकी. मी तुझ्या डावीकडे बसायचे."

"हो."

"इतकी वर्षं मी तुला सुनेची गाऱ्हाणी सांगितली. रोज. तू कधी ऐकलीस?"

"मी मान हलवायचे."

"मान?"

"तुझे ओठ थांबले की हलवायचे."

"आणि मी घरी जाऊन सांगायचे, माझं सगळं ऐकून घेणारी एक टिचकीच आहे जगात!"

लांबी हसता हसता खुर्चीवरून घसरली. मग आक्काही हसली. मग म्हणाली, "बरं झालं. सून चांगली निघाली शेवटी."

दुसऱ्या दिवशी मावशी काळा हेडफोन घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने तिला पाहिलं आणि खुर्चीतच अंग चोरलं.

"आता कुठली बाजू?"

"माझी," मावशी म्हणाली. "तुमचा माल चोख होता. तुम्ही खरं सांगत होतात, मी तुम्हाला खोटं ठरवलं. ते चुकलं."

तिने सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्याने स्वतःच फडताळातून तपकिरी हेडफोन काढला.

"तुमचाच आहे. तुम्ही बसून तपासलेला. दुसऱ्या कोणाला द्यावासा वाटला नाही."

"कोणी घेतला नाही असं म्हणा."

"तेही आहे," तो म्हणाला आणि दोघंही हसली. काळा त्याने परत घेतला. मावशीने तपकिरी डोक्यावर चढवला. गादी कानाभोवती अलगद बसली, काडी टोचली नाही. हा घालून माणूस निवांत बसू शकतो. आणि निवांत बसल्याशिवाय नीट ऐकता येत नाही.

घरी जाऊन तिने हेडफोन उलटा घातला आणि गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं, अगदी शंका उरेना इतकं. मग पोराला फोन लावला.

"ऐकलं तुला."

"त्या दिवशी म्हणालीस की, ऐकलं म्हणून." आवाज जरा कोरडाच होता.

"त्या दिवशी गाणं ऐकलं. तू नव्हतास त्यात."

"नव्हतो? आई, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत आहे!"

"आहेस. डावीकडे आहेस. आणि डाव्या कानाने मला ऐकू येत नाही."

मग तिने त्याला डबे, मशीन, आक्का, लांबी, दोन हेडफोन, मटार, सगळं सांगितलं.

"मग डॉक्टरला दाखव ना, आई."

"दाखवेन. कान कुठे पळून जात नाही. आधी कामाचं बोलू."

"म्हणजे तुला वाटलं, मला गाळलं?"

"हो. आणि ते तुला सांगायचं कसं, कळेना."

"आणि मला वाटलं," तो सावकाश म्हणाला, "तुला आवडलंच नाही. अजून छापखानाच मनात आहे तुझ्या."

"छापखाना चांगलाच होता," मावशी म्हणाली. "पण तो वेगळा विषय. आता सांगू का, कसा वाजवलास?"

"सांग."

"पहिलं कडवं चोख. एक दाणा इकडचा तिकडे नाही. दुसरं कडवं संपल्यावर बाई श्वास घ्यायला थांबते, तिथे तू पुढे पळालास."

तो हळूच म्हणाला, "पळालो. मलाही नंतर कळलं. मी म्हटलं, पुन्हा घेऊ. सगळे म्हणाले, चालतंय."

"चालतंय म्हणणाऱ्यांचं ऐकू नकोस. तुला कळलं होतं ना? मग हट्ट धरायचा."

"पुढच्या वेळी धरतो. बाकी?"

मावशीने घटकाभर विचार केला. घाईने बोलायचं नव्हतं.

"बाकी काम चांगलं झालंय. खूप मेहनत आहे त्याच्यामागे. ती ऐकू येते."

मग पोराने घसा खाकरला.

"परत म्हण ना एकदा."

"एकदा म्हटलं. कान तर तुझे शाबूत आहेत."

तो मोठ्याने हसला, लहानपणी हसायचा तसा, मध्येच उचकी लागून. म्हणाला, "आई, अजून तीन गाणी आहेत. पक्की व्हायची आहेत अजून. पाठवू? पण प्रत्येकात मला वेगळ्याच जागी बसवलंय. कुठे ते सांगणार नाही."

"नकोच सांगू," मावशी म्हणाली. "शोधते मी. आणि कुठे पळालास तर लगेच फोन करेन, बघ. पक्की व्हायच्या आधी."